पिंग ओके होता, तरी ई-वन पडत होता

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका सबस्टेशनच्या लिंकने आम्हाला तीन आठवडे झोपू दिलं नाही. त्यावर सविस्तर लिहायचं तेव्हापासून मनात होतं. ट्रान्समिशनमधले बरेच जण सध्या हेच काम करतायत, जुना एसडीएच (ठराविक वेगाने सारखे बिट वाहून नेणारं नेटवर्क) काढायचा, तिथे एमपीएलएसचे, म्हणजे पॅकेटवर चालणारे, राउटर बसवायचे आणि एसडीएचवर चालणारी जुनी सर्किटं जशीच्या तशी पॅकेटवर घ्यायची. घ्यायला जमतं, त्यात आता काही नवीन राहिलेलं नाही. पण घेतल्यावर ती नीट चालतायत का हे बघायचं कसं, यावर मराठीत वाचायला काही मिळत नाही आणि खरा घोळ तिथेच होतो.

साइट घाटात. खाली कंट्रोल रूम, वर सबस्टेशन, मधे चार राउटर. एकच ई-वन (टू एमबीची जुनी डिजिटल लाइन, सविस्तर पुढे सांगतो), त्यावर स्काडाचा, म्हणजे सबस्टेशनवर लांबून नजर ठेवणाऱ्या सिस्टीमचा, डेटा आणि ऑपरेटरचा हॉटलाइन फोन. कटओव्हर, म्हणजे जुन्यावरून नवीनवर बदली, रविवारी पहाटे केला, पाच मिनिटांत मक्स (अनेक चॅनेल एका ई-वनमध्ये भरणारा बॉक्स) सिंक झाला, हॉटलाइनवर बोलून बघितलं, आवाज एकदम स्वच्छ. सोमवारी सकाळी वरच्या ऑपरेटरचा फोन, "साहेब, मक्सवरचा लाल दिवा मधेच लागतो आणि जातो. मी खुर्चीतून उठून जवळ जाईपर्यंत हिरवा झालेला असतो."

एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या रूममध्ये) बघितलं तर सगळं हिरवं. पॅकेटच्या टीमला कळवलं, त्यांनी पिंग लावला (राउटरला छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघायचं), शंभरपैकी शंभर आले, जाऊन-येऊन चार मिलिसेकंद, म्हणाले लिंक ओके आहे, तुमचा मक्स बघा. मक्सच्या माणसाने साइटवर जाऊन मक्सला लूप टाकला (त्याने पाठवलेलं त्यालाच परत दिलं), अर्धा तास एरर नाही, तो म्हणाला मक्स ओके आहे, मीडिया, म्हणजे मधलं नेटवर्क, बघा. दोघंही खरंच बोलत होते. आणि दिवा लागतच होता.

आता ई-वन म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण नवीन मुलं थेट इथरनेटवर शिकून येतात आणि त्यांना ही चीज समजावून सांगायला कोणी बसत नाही. ई-वनमध्ये ३२ टाइमस्लॉट, प्रत्येकात ८ बिट, आणि अशी एक फ्रेम दर १२५ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ८००० फ्रेम. गुणाकार केला की २०,४८,००० बिट, आपण ज्याला टू एमबी म्हणतो ते. हे बिट सारखे येतच राहतात, कोणी बोलत असो वा नसो, रात्री तीन वाजता सबस्टेशनमध्ये चिटपाखरू नसलं तरी सेकंदाला तेवढेच. इथरनेटचं तसं नाही, तिथे डेटा असेल तर पॅकेट, नसेल तर शांतता, थोडं उशिरा आलं तरी चालतं, हरवलं तर वरचा टीसीपी परत मागून घेतो. ई-वनला परत मागता येत नाही. वेळ गेली की गेली.

पॅकेटवर न्यायचं म्हणजे राउटरमधलं सर्किट इम्युलेशनचं कार्ड या बिटांच्या धारेचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्यावर नंबर घालतं आणि पाठवतं. सगळ्यात साधी पद्धत सॅटॉप, २००६ च्या आरएफसी ४५५३ या इंटरनेटच्या स्टँडर्डमधली, जी फ्रेमच्या आत काय आहे ते बघतच नाही, बिट उचलायचे आणि भरायचे. ई-वनसाठी तिचा ठरलेला तुकडा २५६ बाइटचा. २५६ बाइट म्हणजे बरोब्बर आठ फ्रेम, म्हणजे एक मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला १००० पॅकेट, दिवसाला ८ कोटी ६४ लाख. शिवाय प्रत्येक पॅकेटवर लेबल, कंट्रोल वर्ड, इथरनेटचा हेडर हे सगळं चढतं, त्यामुळे टू एमबीचा ई-वन लाइनवर सव्वादोन ते अडीच एमबी खातो. (टू एमबी आहे म्हणून कोणी पोलिसर, म्हणजे वेगाची मर्यादा, टू एमबीचा लावला असेल तर तो ई-वन कधीच धड उभा राहणार नाही, हे एकदा तपासून घ्या, मी दोन ठिकाणी बघितलंय.)

या आकड्यांवरून पुढचं सगळं समजतं. समजा नेटवर्क चांगलं आहे, दहा लाख पॅकेटमागे फक्त एक हरवतं. इथरनेटच्या भाषेत हे म्हणजे लॉस नाहीच, डॅशबोर्डवर ०.००% दिसेल आणि कोणी त्याकडे ढुंकूनही बघणार नाही. पण दिवसाला ८ कोटी ६४ लाख पॅकेट आहेत ना, त्यातली साधारण ८६ हरवली. ती वेगवेगळ्या सेकंदांत हरवली तर दिवसाला ८६ एरर्ड सेकंद. सर्किट वापरणाऱ्याला ८६ वेळा धक्का.

आणि सॅटॉपमध्ये एक पॅकेट हरवणं म्हणजे नुसते काही बिट चुकले एवढ्यावर भागत नाही. पलीकडचं कार्ड त्या हरवलेल्या मिलिसेकंदाच्या जागी सगळे बिट १ भरून पुढे देतं. ई-वनमध्ये एक फ्रेम सोडून एका फ्रेमच्या झीरो टाइमस्लॉटमध्ये अलाइनमेंटचा शब्द असतो, ००११०११, त्यावरून मक्सला कळतं की फ्रेम कुठे सुरू होते. हा शब्द लागोपाठ तीन वेळा चुकला की मक्स म्हणतो फ्रेम हरवली. आणि आपल्या एका पॅकेटमध्ये आठ फ्रेम, म्हणजे चार अलाइनमेंटचे शब्द! म्हणजे एकच पॅकेट हरवलं तरी मक्सची अलाइनमेंट जाऊ शकते, तो परत शोधायला लागतो, सापडेपर्यंत तिसांच्या तीस चॅनेल गप्प. मला हे पहिल्यांदा कागदावर मांडल्यावर कळलं तेव्हा त्या लाल दिव्याचं कोडं निम्मं सुटल्यासारखं वाटलं. फ्रेम ओळखून चालणारी सीईएसओपीएसएन ही दुसरी पद्धत आहे, तिच्यात पलीकडचं कार्ड अलाइनमेंटचा शब्द स्वतः तयार करतं, त्यामुळे पॅकेट हरवलं तरी मक्सची फ्रेम टिकते, चॅनेलमधला डेटा तेवढा खराब होतो. आमच्या साइटवर सॅटॉप होतं.

मग पिंग काय सांगत होता? काहीच नाही, खरं तर. सेकंदाला एक पिंग म्हणजे हजार पॅकेटमागे एकाची विचारपूस. त्यातून पिंग साध्या रांगेतून जातो आणि ई-वनची पॅकेटं प्रायॉरिटीच्या रांगेतून, दोघांचे रस्ते नावालाच सारखे. वर त्याला उत्तर देतो राउटरचा सीपीयू, ई-वनचं कार्ड नाही. पिंग ओके म्हणजे राउटर जिवंत आहे, बस. आणि आमचा एनओसीचा डॅशबोर्ड दर पाच मिनिटांनी विचारत होता, ई-वन अप आहे का? दर वेळी अप. दिवा लागून जायला सेकंद-दीड सेकंद, तो दोन प्रश्नांच्या मधे लागायचा आणि विझायचा.

आमच्याकडे एक सिनियर आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात, पीसीएमच्या, म्हणजे एसडीएचच्याही आधीच्या, जमान्यापासून याच कामात. मी त्यांच्याकडे गेलो आणि पिंगचे रिपोर्ट समोर ठेवले. त्यांनी ते बाजूला सरकवले. म्हणाले, "अरे, सर्किटला सर्किटच्या भाषेत विचार ना. पंधरा मिनिटांचे काउंटर काढ दोन्ही बाजूंचे, आणि कागदावर लिही."

पंधरा मिनिटांचे काउंटर ही एसडीएचच्या काळातली सवय, आणि माझ्या मते त्या काळाने आपल्याला दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट. आयटीयू या आंतरराष्ट्रीय टेलिकॉम संस्थेच्या जी.८२६ मध्ये व्याख्या आहेत. एका सेकंदात एक जरी ब्लॉक (बिटांचा ठरलेला गट) खराब झाला तर तो एरर्ड सेकंद. तीस टक्के किंवा जास्त ब्लॉक खराब झाले किंवा अलार्मच आला तर सिव्हियरली एरर्ड. असे सिव्हियरली एरर्ड लागोपाठ दहा आले की ती लिंक अनअव्हेलेबल धरायची, आणि ते दहा सेकंदही अनअव्हेलेबलमध्येच मोजायचे. परत अव्हेलेबल व्हायला लागोपाठ दहा सेकंद सिव्हियरली एरर्ड नसलेले जावे लागतात. यात सरासरी नाही. प्रत्येक सेकंदाचा न्याय वेगळा. पॅकेटच्या जगात आपण टक्के आणि सरासरी बघायला शिकलो आणि ही सवय सुटली. खरं तर पॅकेटच्या लोकांनी हे विसरू नये म्हणून सोय केलेली आहे, २००९ च्या आरएफसी ५६०४ मध्ये टीडीएम स्यूडोवायरचे (पॅकेटवरून नेलेल्या अशा सर्किटांचे) काउंटर पंधरा-पंधरा मिनिटांच्या खान्यांत ठेवायचं सांगितलंय, हरवलेली पॅकेटं, क्रम चुकलेली पॅकेटं, बफर रिकामा पडल्याच्या वेळा, एरर्ड सेकंद, सगळं. आमच्या कार्डात ते काउंटर होते. कोणी वाचत नव्हतं.

तर मी वाचायला बसलो. पहिली अडचण, दोन्ही टोकांच्या घड्याळात सात मिनिटांचा फरक, वरच्या बॉक्सला टाइम सर्व्हरच दिलेला नव्हता. म्हणजे वरचा सव्वादहाचा खाना आणि खालचा सव्वादहाचा खाना वेगळेच. ते आधी नीट केलं, एक दिवस गेला. मग दोन दिवसांचे खाने एका मोठ्या वहीत उतरवले, डावीकडे खालचं टोक, उजवीकडे वरचं, आणि जिथे एरर्ड सेकंद आहे तिथे लाल पेनने फुली.

फुल्या बघून अंगावर काटा आला. एक खाना रिकामा, फुली, दोन रिकामे, फुली, दोन रिकामे, फुली, परत एक रिकामा, फुली. पानभर तीच नक्षी. म्हणजे साधारण दर चाळीस मिनिटांनी. नेटवर्कच्या गर्दीमुळे पॅकेट हरवत असती तर ती दुपारी जास्त आणि पहाटे कमी हरवली असती, अशी घड्याळ लावल्यासारखी हरवली नसती. आणि दुसरी गोष्ट त्याहून बोलकी. हरवलेल्या पॅकेटचा काउंटर दोन्हीकडे शून्य. एकही पॅकेट हरवलेलं नव्हतं! वरच्या टोकाला फक्त बफर अंडररन वाढत होते, खालच्या टोकाला फक्त ओव्हररन.

इथे जिटर बफर समजून घ्यायला लागतो. पॅकेटं नेटवर्कमधून येताना मागेपुढे होतात, म्हणून कार्ड ती आधी एका टाकीत साठवतं आणि तिथून एका ठराविक वेगाने पलीकडे सोडतं. आमच्याकडे टाकी आठ मिलिसेकंदांची, सुरुवातीला अर्धी भरायची, चार मिलिसेकंद. भरण्याचा वेग ठरतो पाठवणाऱ्याच्या क्लॉकवर (बिटांचा ताल ठरवणाऱ्या भागावर) आणि सोडण्याचा वेग ठरतो इथल्या क्लॉकवर. दोन्ही क्लॉक एकच असतील तर पातळी तिथेच राहते. जरा फरक असेल तर टाकी हळूहळू रिकामी होते (अंडररन) किंवा तुडुंब भरते (ओव्हररन), मग कार्ड टाकी ओतून परत अर्ध्यापासून सुरू करतं, आणि त्या चार मिलिसेकंदांत मक्सची फ्रेम जाते. लाल दिवा.

हिशोब केला. चाळीस मिनिटं म्हणजे २४०० सेकंद. तेवढ्यात ४ मिलिसेकंद सरकलं, म्हणजे दहा लाखात साधारण १.७ भागांचा फरक, १.७ पीपीएम. ई-वनला मुळात ५० पीपीएमपर्यंत चालतं, त्यामुळे कुठलाच अलार्म यायचा प्रश्न नव्हता, दोन्ही बाजू आपापल्या जागी पूर्णपणे कायदेशीर. वरचं क्लॉक जरा वेगात, त्यामुळे वरची टाकी लवकर रिकामी. वरचा मक्स आपलं क्लॉक त्याच कार्डाकडून घेणार, म्हणून तोही खाली वेगात पाठवणार, म्हणून खालची टाकी भरून वाहणार. एका टोकाला अंडररन आणि दुसऱ्याला ओव्हररन, तेवढ्याच अंतराने, असं दिसलं की डोळे मिटून क्लॉककडे जा.

वरच्या कार्डाचं कॉन्फिगरेशन उघडलं. क्लॉक सोर्स, इंटर्नल, म्हणजे कार्ड स्वतःच्याच तालावर. तिथे अ‍ॅडॅप्टिव्ह हवं होतं, म्हणजे येणाऱ्या पॅकेटवरून वेग काढणारं. कमिशनिंगच्या वेळी वर टेस्टर लावायचा होता म्हणून कोणीतरी इंटर्नल केलं आणि परत फिरवायचं राहिलं. एक ओळ! ती बदलली, दुपारी बाराला, आणि रात्रीपर्यंत एकही फुली नाही. आणखी एक गोष्ट नंतर वही बघताना कळली, पहाटे ही अंतरं पंचेचाळीस मिनिटांपर्यंत जात होती आणि दुपारी पस्तीसवर यायची. कार्डावरचा क्लॉकचा क्रिस्टल शेल्टरच्या तापमानाबरोबर सरकत होता. वहीत उन्हाचा चढउतार सुद्धा नोंदला गेला होता.

तेव्हापासून मी कुठल्याही सर्किटवर आधी बफरची पातळी बघतो. एरर झाल्यावर काउंटर वाढतो, पण पातळी आधीच सांगते. दर मिनिटाला त्याची किमान आणि कमाल किंमत नोंदवा, सरासरी नको, सरासरी नेहमी गोड दिसते. रेघ आडवी असेल तर छान. करवतीच्या दातांसारखी असेल तर क्लॉक. मधूनच एकदम पायरी चढलेली दिसली तर मधला रस्ता बदलला, रिंग फिरली असेल, म्हणजे ट्रॅफिक दुसऱ्या बाजूने गेला असेल. खालची रेघ स्थिर आणि वरची विस्कटलेली असेल तर कुठेतरी रांग लागतेय, क्यूओएस (प्रायॉरिटीचे नियम) तपासा.

कुठल्या बाजूचा दोष आहे यावरून भांडणं होतात, त्यासाठी प्रत्येक पॅकेटच्या कंट्रोल वर्डमध्ये दोन बिट ठेवलेलेच आहेत. एल बिट लागला म्हणजे पाठवणाऱ्याकडचा ई-वनच खराब आहे, पॅकेटवाल्यांचा दोष नाही, तिकडे केबल नाहीतर मक्स बघा. आर बिट लागला म्हणजे समोरच्याला आपली पॅकेटं नीट मिळत नाहीयेत, मग मधलं नेटवर्क बघा. हे दोन बिट एनओसीच्या स्क्रीनवर आणले तर निम्मे फोन कमी होतील असं माझं प्रामाणिक मत आहे.

हॉटलाइनचं एक बरं असतं, माणसाचा कान माफ करतो. एक-दोन मिलिसेकंद गेले तर टिक ऐकू येते, बोलणं चालू राहतं. प्रोटेक्शनचं, म्हणजे बिघाड झाला की विजेची लाइन बंद करणाऱ्या यंत्रणेचं, तसं नाही, आणि हे लिहिल्याशिवाय मला ही पोस्ट संपवता येणार नाही, कारण आता त्याच रस्त्यावरून लाइन डिफरेन्शियल रिले न्यायची चर्चा चालू आहे. हा रिले लाइनच्या दोन्ही टोकांचा करंट एकाच क्षणाचा म्हणून ताडून बघतो. समोरून आलेलं सॅम्पल किती जुनं आहे हे बरेचसे रिले जाऊन-येऊन लागलेल्या वेळेचं निम्मं करून काढतात. म्हणजे दोन्ही दिशांना सारखाच वेळ लागतो असं गृहीत. एसडीएचमध्ये जायचा-यायचा मार्ग एकच ठेवला की ते जवळपास खरं असायचं. पॅकेटमध्ये जाताना एक रस्ता, येताना दुसरा, किंवा एका बाजूची टाकी तीन मिलिसेकंदांवर बसली आणि दुसरीकडची चारवर, तर एक मिलिसेकंदाचा फरक. निम्मं केल्यावर अर्ध्या मिलिसेकंदाची चूक. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, ३६० अंश, म्हणजे अर्धा मिलिसेकंद हा ९ अंश. लाइनवर काहीही झालेलं नसताना रिलेला दोन टोकांच्या करंटमध्ये ९ अंशांचा फरक दिसायला लागतो, आणि लोड जास्त असेल, सेटिंग नाजूक असेल तर चांगली लाइन ट्रिप होऊ शकते.

आणि हा फरक जाऊन-येऊनच्या मोजमापात कधीच दिसत नाही. तीन अधिक चार सात, साडेतीन अधिक साडेतीनही सातच. म्हणून अशा सर्किटला एकतर्फी डिले दोन्ही दिशांना वेगवेगळा मोजायला लागतो, आणि त्यासाठी दोन्ही टोकांची घड्याळं जीपीएसवर नाहीतर पीटीपीवर (नेटवर्कवरून अचूक वेळ पोचवणारी पद्धत) एकत्र असायला लागतात. खर्चिक आहे, मान्य. पण रिलेच्या ई-वनसाठी जाणारा-येणारा मार्ग एकच बांधून घ्या आणि टाकीची पातळी दोन्हीकडे सारखी आहे का ते प्रत्येक रिंग स्विचनंतर तपासा, एवढं तरी झालंच पाहिजे. आमच्याकडच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं, ९ अंशांचं गणित फळ्यावर लिहिलं, प्रोटेक्शनच्या मॅडम लगेच म्हणाल्या, मग आम्हाला आधी महिनाभराचे आकडे दाखवा, त्याशिवाय रिले जोडणार नाही. अगदी बरोबर मागणी आहे.

तो महिना आता चालू आहे. सकाळी आल्या-आल्या कालच्या ९६ खान्यांवर नजर टाकतो, मग दोन्ही दिशांचा डिले. सुरुवातीला टेस्टर लावून चोवीस तासांचा बीईआरही (किती बिट चुकतात याची टेस्ट) घेतला, एक एरर नाही, पण त्या एका दिवसावर मी विसंबून नाही.

एक गोष्ट मात्र अजून छळतेय. मधल्या चार राउटरपैकी दोघांमधला हॉप मायक्रोवेव्हचा आहे, डोंगरावरून डोंगरावर. घाटात जोराचा पाऊस आला की तो रेडिओ सिग्नल टिकवायला स्वतःच मॉड्युलेशन खाली उतरवतो, म्हणजे वेग कमी करतो, लिंक पडत नाही पण अरुंद होते, पॅकेटला लागणारा कमीत कमी वेळसुद्धा वाढतो, आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्लॉक पॅकेटच्या येण्यावरूनच वेग ठरवत असल्यामुळे त्याला वाटतं समोरचं क्लॉकच मंदावलं. मागच्या जुलैत असे दोन प्रसंग झाले, दोन्ही वेळा बफरची रेघ तासभर झुकली आणि परत आली, एरर आला नाही, पण काठावर होतं. उपाय म्हणजे क्लॉक पॅकेटवरून न काढता सिंक्रोनस इथरनेटने लाइनवरूनच न्यायचा, त्यासाठी मधला प्रत्येक बॉक्स त्याला सपोर्ट करणारा हवा, आणि आमचा रेडिओ करत नाही. नवीन रेडिओची मागणी टाकलीये. तोपर्यंत जून ते सप्टेंबर दर मिनिटाचा किमान डिले आणि रेडिओचं मॉड्युलेशन एकाच ग्राफवर काढणार आहे. कोकणात किंवा घाटात कोणी अशा हॉपवरून ई-वन चालवत असेल तर बफर किती मिलिसेकंद ठेवलाय आणि पावसात पातळी किती हलते, ते खाली नक्की लिहा, मला खरंच हवंय.